नेमाची पट्टी

६ जानेवारी

ठिणगे,

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस. ती आधी नाहीच म्हणाली, मग मी तिच्या दारातच फतकल मारून बसले, तेव्हा तिच्या सासूने आतून ओरडून सांगितलं, "देऊन टाक गं एकदाचा, ह्या काही हलायच्या नाहीत!" तू तिकडे चष्म्याच्या काचा घासतेस हेही तिच्याकडूनच कळलं. पॉलिशच्या दुकानात राहणार नाही म्हणून गेलीस आणि शेवटी घासायचंच काम धरलंस. मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

पत्राचं कारण तसं काही विशेष नाही. कपाट आवरताना ते छर्ऱ्याचं पिस्तूल हाताला लागलं. आजोबांना त्यांच्या कारखान्यातल्या साहेबाने नोकरी सोडून जाताना दिलेलं. तू ज्याने अंगणाच्या भिंतीवरचे डबे पाडायचीस, तेच. नुसतं पडून आहे. म्हटलं, जागा अडवतंय, विकून टाकावं. अशा जुन्या वस्तूंचे शौकीन असतात म्हणे. तेव्हा मला एवढंच कळव की ते कुठलं, किती जुनं, आणि त्याला म्हणतात काय. तुला ते सगळं तोंडपाठ होतं. मी घरात फक्त त्याचा आवाज ऐकला आहे आणि डब्यांचे पोचे पाहिले आहेत.

बाकी इकडे सगळं ठीक. दुकान चालू आहे. बाबा बरे आहेत.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. पण खोडलं तर तू कागद उजेडात धरून वाचशील, तुझी खोड मला माहीत आहे. तर राहू दे आणि खरं ऐक. बाबांच्या काळजातली एक झडप गळते. रक्त पुढे जायचं ते मागे येतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. नवी बसवायला हवी आणि ती उन्हाळ्याच्या आत. नाही बसवली तर काय, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीकडे बघितलं. बाबा आता माडीवरच असतात. खाली दुकानात उतरणं बंद. बोलताना वाक्य अर्ध्यात सोडून श्वास घेतात. ज्या माणसाचं भांडण गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, तो माणूस.

मागायची तेवढी दारं वाजवून झाली. उरलंय ते पिस्तूल. बाबांना विचारलं तर म्हणाले, "वीक. कोण आहे आता नेम धरायला?" म्हणून तुला लिहिलं. उत्तर दे. बाबांशी बोलू नकोस हवं तर, माझ्याशीही नको, नुसतं पिस्तुलाबद्दल लिही.

आई


१९ जानेवारी

ठिणगे,

तुझं उत्तर नाही. असो. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही हे तुला माहीत आहे.

बाजारामागच्या गल्लीत एक जण जुनी घड्याळं, कॅमेरे असलं काही विकतो. सतत डोळ्याला भिंग लावलेलं, म्हणून त्याला सगळे भिंगवालाच म्हणतात. पिस्तूल पिशवीत घातलं, वर भाजी ठेवली आणि बसने गेले. सगळ्या वाटेवर मला वाटत होतं की आत्ता कंडक्टर पिशवीत डोकावणार. छाती अशी धडधडत होती की बाबांच्या शेजारची खाट मलाही लागेल असं वाटलं.

भिंगवाल्याने आधी माझ्याकडे बघितलंच नाही. मग मी पिस्तुलावरचं फडकं सोडलं आणि तो उभाच राहिला. "काकू, हे कुठून आणलंत?" म्हणाला. मग त्याने खडू घेतला आणि पिस्तुलाच्या अंगावर हलकेच चोळला, तशी पुसट झालेली अक्षरं पांढरी होऊन वर आली. मी इतकी वर्षं धातू घासतेय, ही युक्ती मला कधी सुचली नाही. अंगावर एक आकडा, नळीच्या खालच्या बाजूला तोच, आणि मूठ उघडून बघितली तर आतही तोच. "तिन्ही भाग जन्मापासून एकत्र आहेत," तो म्हणाला. "बहुतेक ठिकाणी कुणाची नळी आणि कुणाची मूठ असते." मी म्हटलं, "म्हणजे संसार टिकलाय." तो हसला. मग त्याने नळी वर उचलून मागे ओढली, अंगठा नळीच्या तोंडाशी धरला आणि मान हलवली. "आतला चामड्याचा वॉशर सुकलाय. हवा टिकत नाही, गळते. पण बदलता येतो."

मी म्हटलं, "डॉक्टरही हेच म्हणाले." त्याला काही कळलं नाही. मला मात्र तिथे स्टूलवर बसून रडू आलं, आणि त्याने बिचाऱ्याने पाणी आणून दिलं.

त्याने किंमत सांगितली. गं बाई, मी दोनदा विचारून घेतली. इस्पितळाचं सगळं भागून वर औषधांनाही उरेल एवढी. अगदी सुरुवातीच्या घडणीतलं आहे म्हणे, आणि त्याच्यावरचा तो काळा-निळा रंग अजून मूळचा आहे. परगावचा एक शौकीन महिनाअखेरीला येणार आहे, तो घेईल. फक्त एक अडचण. मागच्या बाजूला दोन रिकामी भोकं होती, त्यावर भिंगवाल्याने बोट ठेवलं. "इथली पट्टी कुठाय? नेम धरायची, खालीवर होणारी?"

मी काय सांगणार? सांगितलं, मुलीने नेली. रागावून घर सोडताना बापाचं पिस्तूल नेलं नाही, त्याचा नेम काढून नेला. बापाने नेमबाजीच्या शिबिराला पाठवायला नकार देऊन ते कपाटात कुलपात घातलं, तर हिने कुलूप उघडून पट्टी काढली आणि पिस्तूल परत कुलपात ठेवून गेली. भिंगवाला म्हणाला, "तशा पट्ट्या थोडेच दिवस बनल्या. पिस्तुलं सापडतात, पट्ट्या सापडत नाहीत. ती मिळाली तर काही बोलायलाच नको."

ठिणगे, तुझ्याकडे ती असेल. फेकली नसशील. पाठव. तुझ्या पाया पडते असं लिहिणार होते, पण आई लेकीच्या पाया पडली तर तुलाच पाप लागेल, म्हणून नुसतं पाठव म्हणते. भिंगवाल्याने निघताना बजावलं, "तोवर जसं आहे तसं राहू द्या." मी बरं म्हटलं.

आई


२ फेब्रुवारी

ठिणगे,

टपालवाला आता मला लांबून बघूनच मान हलवतो. इतकी दगड झालीस का? बाबांवर राग आहे, समजलं. त्यांनी तुला दुकानाला बांधून ठेवायचं ठरवलं होतं, तेही समजलं. पण राग माणसावर धरायचा तर तो माणूस शिल्लक असायला हवा ना?

काल रात्रभर ते उशीला टेकून बसून होते. आडवं झालं की श्वास अडकतो. डॉक्टर आता उन्हाळ्याचं नाव काढत नाहीत, लवकर म्हणतात.

शौकीन माणसाला यायला उशीर झाला, तो उद्या येतो आहे. पट्टी नाही तर नाही. मी माझ्या परीने होईल ते केलं. आज दुपारी पिस्तूल खाली दुकानात नेलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मोटर चालू केली. आधी जाड कापडाचं चाक, मग मऊ, मग पॉलिशची वडी लावून शेवटचा हात. तुला काय सांगू, आरसा झालाय आरसा! सगळे काळपट डाग गेले, नळीत माझं तोंड दिसतं. बाबांनी वरून विचारलं, "काय घासतेस?" मी म्हटलं, "तपेलं." म्हणाले, "आवाज तपेल्याचा नाही." ह्या माणसाचं काळीज गळतं पण कान गळत नाहीत.

भिंगवाला जसं आहे तसं म्हणाला होता, पण ते सगळेच म्हणतात. आपल्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक "राहू द्या हो, चालेल" म्हणतं आणि मग एका डागासाठी मजुरी कापतं. डाग ठेवून माल हातात द्यायचा नाही, हे तुझ्या आजोबांनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

उद्या गोड बातमी लिहिते.


३ फेब्रुवारी

काल इथवर लिहिलं होतं. फाडणार होते. पण फाडलं तर दुसरं लिहायला बळ नाही, म्हणून ह्याच कागदावर पुढे लिहिते.

मी फडकं सोडलं आणि भिंगवाल्याने डोळ्याचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. बघायचंच नव्हतं त्याला. "काकू," म्हणाला, "काकू, हे काय केलंत?"

तो परगावचा माणूस चांगल्या घरचा असावा. त्याने हातमोजे घातले, पिस्तूल एकदा उलटसुलट केलं, खडू लावून बघितला. माझ्या चाकाने अक्षरं इतकी खाल्ली होती की आकड्यात आठ आहे की तीन, तेच कळेना. त्याने ते खाली ठेवलं, मला नमस्कार केला आणि गेला. भिंगवाला म्हणाला, किंमत त्या रंगाचीच होती. मी म्हटलं, रंग पुन्हा चढवते, मुलाम्याची टाकी आहे आमच्याकडे. म्हणाला, चढेल, पण मग ते नवं होईल, नवं कुणाला हवंय? मी म्हटलं, अहो, नुसते डाग होते! तर म्हणाला, "डागही त्याच्याच वयाचे होते, काकू."

आता त्याचं काय येईल विचारलं. त्याने जे सांगितलं त्यात इस्पितळाचा दरवाजासुद्धा उघडणार नाही.

ठिणगे, आयुष्यभर लोक माझ्याकडे काळं घेऊन आले आणि पांढरं घेऊन गेले. मला दुसरं काही येत नाही. मी माझ्या हाताने, माझ्या मोटरवर, तुझ्या बाबांचं आयुष्य घासून काढलं. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "गेलं का?" मी म्हटलं, "माणूस विचार करून सांगतो म्हणाला." आणि खाली येऊन मोटर चालू केली, कारण मोटरच्या आवाजात रडलेलं वर ऐकू जात नाही.

मला काही सुचत नाही. पट्टी पाठव. तिचं काय करणार ते मला माहीत नाही, तरी पाठव. तुझ्याकडून काहीतरी येऊ दे.

आई


२४ फेब्रुवारी

ठिणगे,

पाकीट आलं. सही करायची सोडून मी पाकीटच फोडायला लागले, तेव्हा टपालवालाच म्हणाला, "राहू द्या, अंगठा द्या."

आत एक शब्दसुद्धा नाही. शोधला. पाकीट उलटं केलं, झटकलं, कापडाची घडी उलगडली. चष्म्याचं मऊ कापड, त्यात पट्टी, आणि कागदाच्या पुडीत तिचे दोन्ही स्क्रू. रंग तसाच काळा-निळा, कुठे ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही. मी बोट फिरवलं तर बोटाला तेल लागलं. ताजं तेल. इतकी वर्षं तू हिला तेल देत होतीस? मला एका पत्राला उत्तर दिलं नाहीस, आणि बापाच्या पट्टीला तेल देत होतीस?

मी तशीच धावत भिंगवाल्याकडे गेले. ह्या वेळी कापडाच्या बाहेर बोटसुद्धा लागू दिलं नाही. त्याने भिंग लावलं, आणि बराच वेळ काढलंच नाही. त्या परगावच्या माणसाकडे असंच एक पिस्तूल आहे, अगदी कोरं, फक्त मागे दोन भोकं रिकामी. वर्षानुवर्षं तो हीच पट्टी शोधतो आहे. भिंगवाल्याने माझ्यासमोर त्याला फोन लावला आणि त्याने तिकडून मोल सांगितलं. ठिणगे, झडप येते त्यात! जेमतेम, पण येते.

आता आनंदाने लिहावं की नाही? नाही. कारण मी मूर्खासारखी ती बाबांना दाखवायला घेऊन गेले.

त्यांनी हातात घेतली, बोटाने तेल पुसलं, वास घेतला. मग मला म्हणाले, "ही विकायची नाही."

मला वाटलं श्वास कमी पडून डोकं फिरलं. मी समजावलं, ओरडले, रडले. पिस्तूल आरसा केल्याचंही सांगून टाकलं. त्यावर नुसतं म्हणाले, "मोटरचा आवाज ऐकला तेव्हाच कळलं होतं." पण पट्टी देईनात. मूठ घट्ट. म्हणाले, "पिस्तूल माझं होतं, ते तू विकायला काढलंस, मी काही बोललो? ही तिची आहे."

मी म्हटलं, तिची कसली, चोरून नेली तिने!

तेव्हा त्यांनी सांगितलं. तू त्या दुपारी कपाट उघडून बसलीस तेव्हा ते जिन्यात उभे होते. तू नखाने स्क्रू फिरवत होतीस आणि तो हलत नव्हता. मग तू दुकानात गेलीस, पेचकस शोधत होतीस. तो तुला कधीच सापडला नसता, तो बाबांच्या खिशात होता. तू खाली असताना त्यांनी तो आणून कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर गेले. "तिला न्यायची होती, मी दिली," म्हणाले. "दिलेली वस्तू तिला न विचारता विकू?"

मी इतकी वर्षं तुम्हा दोघांमध्ये उभी राहून मार खाल्ला, आणि तुमचं दोघांचं आपसात हे चाललं होतं!

आता तूच सांग मी काय करू. हा माणूस तुझ्या परवानगीशिवाय मरायला तयार आहे, जगायला नाही. डॉक्टर म्हणतात पुढच्या महिन्यानंतर छाती उघडायची हिंमत ते करणार नाहीत. दुकानाचा फोन तोच आहे, नंबरही तोच. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी सकाळी मी शेजाऱ्यांना सांगून त्यांना खुर्चीसकट खाली उतरवते. तू फोन कर. माझ्यासाठी नको. एक शब्द बोल, "विका" म्हण आणि ठेव.

आई


११ मार्च

ठिणगे,

इस्पितळाच्या खालच्या मजल्यावर बाकावर बसून लिहिते आहे. सकाळी त्यांना आत नेलं. अजून कुणी बाहेर आलं नाही.

रविवारी ते उजाडल्यापासून दुकानात टाक्यांच्या मध्ये खुर्चीवर बसून होते. केस विंचरायला लावले मला. फोनवर तुला केस दिसणार होते का? पण विंचरले. फोन वाजला आणि मी धावले, तर तू म्हणालीस, "आई, त्यांना दे." बस, एवढंच. माझ्या सगळ्या पत्रांना तुझं एवढं उत्तर. दिला त्यांना.

मला फक्त इकडचं ऐकू आलं. आधी त्यांनी फोन ह्या कानावरून त्या कानावर घेतला. मग म्हणाले, "तेल कुठलं लावतेस?" मग म्हणाले, "शिलाईयंत्राचं? चालेल. पण थोडं." मग नुसतं हं, हं. आणि मग मान खाली घालून, "बरं. तू म्हणतेस तर." फोन ठेवला आणि मूठ उघडून माझ्यापुढे धरली. पट्टीचा ठसा तळहातावर उमटला होता. "वीक म्हणतेय," म्हणाले. "बापापेक्षा हट्टी आहे." आणि हसले. हसताना खोकला लागला, पण हसले.

भिंगवाल्याने सगळं एका दिवसात उरकलं. वर स्वतः होऊन पिस्तुलात नवा वॉशर घालून दिला, त्याचं काही घेतलं नाही. मी आरसा केला त्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त दुःख आहे.

आत नेताना बाबांनी माझा हात ओढला. मला वाटलं आता काहीतरी माझ्याबद्दल बोलतील. तर म्हणाले, "तिला कळव. पट्टी नाही ही सबब चालणार नाही. डबा पडला पाहिजे."

माझ्याकडे आता तुला धमकी द्यायला काही नाही, विकायलाही काही नाही. फार भीती वाटतेय गं. समोरचं दार उघडतं, दुसऱ्याच कुणाचं नाव घेतात, बंद होतं.

उघडलं. मला बोलावताहेत.


४ एप्रिल

ठिणगे,

मागचं पत्र तसंच पर्समध्ये राहिलं होतं, ते ह्याच्याबरोबर पाठवते.

बाबा घरी आले. छातीवर उभी लांब शिवण आहे. झडप धरली. कान लावला तर टक टक ऐकू येतं, रात्री मी लावते, ते झोपले आहेत असं समजून. काल जिना उतरून दुकानात आले, मोटरवर हात ठेवून उभे राहिले, आणि तपेलं नीट घासलं नाही म्हणून मला बोलले. मी उलट बोलले नाही. बोलू दे, म्हटलं, पूर्ण वाक्य बोलताहेत.

पिस्तूल खुंटीला टांगलंय. चकाकतंय नुसतं, येणारं गिऱ्हाईक विचारतं, खेळणं का? मागची दोन भोकं रिकामी आहेत. बाबा त्याला हात लावत नाहीत, आणि मलाही लावू देत नाहीत.

तू कधी येणार ते त्यांनी विचारलेलं नाही. ते विचारणार नाहीत आणि तू सांगणार नाहीस, म्हणून मी लिहिते. अंगणाच्या भिंतीवर त्यांनी डबा ठेवायला लावलाय. रिकामा आहे, त्यामुळे वाऱ्याने पडतो. पडला की ते माडीवरून मला हाक मारतात. मग मी हातातलं काम टाकते, जाऊन तो उचलते आणि परत जागेवर ठेवते.

आई